द्व्यंगुल : नाशिक क्षेत्रातील केशमानाचा एक विचार

केस लांब आहेत असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न व्यवहारात सहसा कोणी विचारीत नाही. पाहणाऱ्याच्या नजरेला ते लांब वाटले म्हणजे लांब, एवढ्यावर काम भागते. परंतु ज्या ठिकाणी केसांसंबंधी नियम करावा लागतो तेथे नजरेवर विसंबून चालत नाही. संघाने भिक्षूला केस वाढविण्याची मनाई केली की किती वाढले म्हणजे 'वाढले' हे सांगणे संघाला प्राप्त होते. तीर्थावर केशदान विहित केले की किती दिले म्हणजे 'दिले' हे सांगणे शास्त्राला भाग पडते. 'लांब' हा शब्द वरकरणी वर्णनाचा असला तरी अशा प्रसंगी तो निर्णयाचा शब्द बनतो, आणि निर्णय म्हटला की तो कोणी करावयाचा व कोणाविषयी करावयाचा हा प्रश्न त्यामागोमाग येतोच.

या दृष्टीने नाशिक हे अभ्यासास मोठे सोयीचे क्षेत्र आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरांवर पांडवलेणी म्हणून ओळखला जाणारा चोवीस लेण्यांचा समूह आहे. कोरीव लेखांतील त्याच्या डोंगराचे नाव त्रिरश्मी. शहरात गोदावरीच्या पात्रात रामकुंड आहे. पश्चिमेस त्र्यंबकेश्वर व ब्रह्मगिरी, शहराच्या उत्तरेस म्हसरूळजवळ गजपंथ, आणि जिल्ह्याच्या उत्तर टोकास बागलाणात मांगी-तुंगी ही जैन क्षेत्रे आहेत. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव आणि स्मार्त गृहस्थ या सर्वांनी केसांचे काय करावे याविषयी आपापले निश्चित मत या एका जिल्ह्यात वागविले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला, त्यात नाशिकची लेणी व नाशिकचे घाट दोहोंचेही विस्तृत वर्णन आले आहे. त्या दोन स्थळांच्या आचारांत मात्र एक समान माप आहे. ते माप म्हणजे दोन अंगुळे.

प्रथम त्रिरश्मीकडे वळू. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापणे कायमची ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक याप्रमाणे व्याज यावयाचे व त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची, अशी व्यवस्था आहे. हिशेब बिनचूक आहे : वर्षाचे व्याज दोनशेचाळीस, आणि वीस बारे दोनशेचाळीस. भिक्षूच्या अंगावरील वस्त्राचा असा पैपैचा जमाखर्च दगडावर कोरला गेला. त्याच्या डोक्यावरील केसांचा नियम कोरण्याचे कारण नव्हते, कारण तो दात्याचा विषय नसून संघाच्या अंतर्गत शिस्तीचा होता. तो शोधावा लागतो विनयग्रंथांत. तिसऱ्या लेण्याचे दान गौतमी बलश्रीने ज्या भद्रायणीय भिक्षूंना केले त्यांचा विनय आज उपलब्ध नाही. पाली विनय मात्र समग्र उपलब्ध आहे व त्यातील चुल्लवग्गात, किरकोळ बाबींच्या प्रकरणात, केसांचा नियम येतो.

प्रसंग नेहमीचाच आहे. षड्वर्गीय नावाने कुप्रसिद्ध असलेले सहा भिक्षू केस वाढवितात, लोक कुरकुर करतात की हे तर कामोपभोगी गृहस्थांसारखे दिसतात, तक्रार बुद्धाकडे जाते, आणि बुद्ध लांब केस राखण्यास मनाई करतो. परंतु तेवढ्यावर नियम थांबत नाही. 'लांब' याची व्याख्या लगेच दिली जाते : केस दोन महिन्यांचे किंवा दोन अंगुळांचे असावेत, अधिक नसावेत. प्राचीन भारतीय वाङ्मयात लांब केसांची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच आढळेल.

हे 'किंवा' विचार करण्याजोगे आहे. अंगुळाचे मान अर्थशास्त्रात दिले आहे : आठ यवमध्य म्हणजे एक अंगुळ, अथवा मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची जास्तीत जास्त रुंदी. आजच्या हिशेबाने ते सुमारे पाऊण इंच, म्हणजे दोन सेंटिमीटरांच्या किंचित आत येते. दोन अंगुळे म्हणजे पावणेचार सेंटिमीटरांच्या आसपास. डोक्यावरील केस महिन्याला साधारणपणे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. तेव्हा वस्तऱ्याने साफ केलेल्या डोक्यावर दोन अंगुळे केस यावयास तीन ते चार महिने लागतात. दोन महिन्यांत फार तर अडीच सेंटिमीटर. याचा अर्थ असा की विनयाने दिलेली दोन माने एकमेकांशी जुळत नाहीत. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोषापुढे हा प्रश्न होताच. समंतपासादिकेत त्याने निवाडा दिला तो असा की दोन महिन्यांच्या आत दोन अंगुळे भरली तर तेव्हाच केस काढावेत, आणि केस लांब झाले नसले तरी दोन महिन्यांवर एक दिवसही जाऊ देऊ नये. म्हणजे जी मर्यादा आधी येईल ती लागू. वरील गणिताप्रमाणे पाहता सामान्य माणसाच्या बाबतीत आधी येणारी मर्यादा बहुधा महिन्यांचीच. मग अंगुळांचे मान ठेवले कशाला?

याचे उत्तर मोजणाऱ्याच्या सोयीत असावे. महिने मोजावयाचे तर मागील मुंडन केव्हा झाले हे ठाऊक पाहिजे. ते स्वतः भिक्षूला ठाऊक असते, किंवा जो संघ पंधरवड्याच्या उपोसथाला एकत्र जमतो त्याला ठाऊक असते. पण दूरच्या विहाराहून चालत आलेल्या अनोळखी भिक्षूचे काय? त्याच्या डोक्यावरील केसांना दोन बोटे आडवी लावून पाहणे हा एकच मार्ग. एक मान आठवणीचे आहे, दुसरे हाताचे. शिस्तीला दोन्ही लागतात. याच प्रकरणात भिक्षूंनी फणीने, कुंचल्याने किंवा बोटांचीच फणी करून केस बसवू नयेत असेही सांगितले आहे. त्यावरून नियमाच्या मर्यादेतही केस विंचरण्याइतके वाढत हे उघड होते. तसेच आजारपणाखेरीज केस कातरीने कापू नयेत, वस्तराच वापरावा, असा दंडक आहे. कातरी केस आखूड करते. वस्तरा लांबी शून्यावर आणतो. म्हणजे भिक्षूच्या केसांचे मोजमाप नेहमी मुळापासून होई. मूळ हे शून्य, दोन अंगुळे ही कमाल, आणि त्यापलीकडे जे काही ते सगळे 'लांब'.

खुद्द बुद्धाच्या केसांबद्दलही परंपरेने हेच माप सांगितले आहे. जातककथांच्या प्रास्ताविकात, निदानकथेत, महाभिनिष्क्रमणानंतर बोधिसत्त्व तरवारीने आपले केस कापतो तेव्हा उरलेले केस दोन अंगुळांचे होऊन उजवीकडे वळतात व डोक्याला चिकटून बसतात. पुढे आयुष्यभर त्यांचे प्रमाण तेच राहते. पुढील काळात पश्चिम भारतातील लेण्यांमध्ये बुद्धमूर्ती आल्या. त्यांच्या डोक्यावरील शंखाकृती कुरळ्यांच्या ओळी पाहणाऱ्यास आज केवळ शिल्पसंकेत वाटतात. परंपरेच्या दृष्टीने त्या एका मापाचे दर्शन होत्या. भिक्षूला दर दोन महिन्यांनी जे प्रयत्नाने साधावे लागे ते शास्त्याच्या ठिकाणी आपोआप स्थिर झालेले होते.

जैन आचारात अंगुळ नाही, पण महिना आहे. दिगंबर मुनीच्या मूलगुणांत केशलोच येतो. वट्टकेराच्या मूलाचारात दोन महिन्यांनी केलेला लोच उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम व चार महिन्यांनी कनिष्ठ असा क्रम लावला आहे आणि त्या दिवशी उपवास विहित आहे. गजपंथ व मांगी-तुंगी येथे मुनींचा वास होतो तेथे हाच क्रम चालतो. येथे केस उपटावयाचे असल्याने दुसरेही एक मान उपयोगात येते : मूठ. तीर्थंकराने दीक्षेच्या वेळी पाच मुठींत केस उपटले, यास पंचमुष्टी लोच म्हणतात. श्वेतांबर परंपरेप्रमाणे ऋषभदेवाने चारच मुठी उपटल्या व पाचवी इंद्राच्या विनंतीवरून राहू दिली. म्हणूनच ऋषभदेवाच्या मूर्तीच्या खांद्यांवर बटा दाखवितात. खांद्यावर रुळणारे केस हे चोवीस तीर्थंकरांत ऋषभदेवाच्या मूर्तीची ओळख पटविणारे लक्षण व्हावे, ही गोष्ट केशमानाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

संन्यासाचे दुसरे टोक म्हणजे जटा. बृहस्पती सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबक येथे सिंहस्थ भरतो. वैष्णव बैरागी रामकुंडावर स्नान करतात व शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर. २००३ व २०१५ या दोन्ही सिंहस्थांत लक्षावधी यात्रेकरूंनी ज्या गोष्टीकडे बोट दाखविले ती साधूंची जटा. जटेला कोणत्याही ग्रंथात अंगुळाची मर्यादा नाही. तिचे खरे माप काळ हेच आहे : दशनामी नागा दीक्षा घेतो तेव्हा शिखेसह त्याचे पूर्ण मुंडन होऊन विरजा होम होतो, आणि तेथून पुढे जे वाढते ते दीक्षेचे वय सांगते. गो. स. घुर्ये यांच्या १९५३ च्या भारतीय साधूंवरील ग्रंथात साधुपंथांच्या बाह्य चिन्हांना जे महत्त्व दिले आहे ते उगीच नव्हे. मुंडन आणि जटा या परस्परविरुद्ध दिसणाऱ्या गोष्टी एकाच विधीची सुरुवात आणि परिणती आहेत.

तथापि जटा हे केसाच्या लांबीचे माप नव्हे, ही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. डोक्यावरील प्रत्येक केस काही वर्षे, साधारणपणे दोन ते सहा, वाढतो आणि गळतो. त्यामुळे विंचरलेल्या केसांची लांबी प्रत्येक व्यक्तीत एका टप्प्यावर थांबते. कितीही वर्षे कातरी लावली नाही तरी ती पुढे जात नाही. जटेत गळलेला केस खाली पडत नाही. तो गुंत्यात अडकून राहतो व नव्या केसाशी जोडला जातो. म्हणून जटा माणसाच्या उंचीहूनही लांब होऊ शकते. ब्रह्मगिरीवर जटामंदिर आहे. शंकराने गंगा मोकळी करण्यासाठी आपली जटा तेथील खडकावर आपटली, अशी कथा सांगून खडकावरील खळगे तिच्या खुणा म्हणून दाखविले जातात. गोदावरीचा उगमच अशा रीतीने केसांतून सांगितला जातो. पंचवटीत राहिलेले राम-लक्ष्मणही जटाधारीच. त्यांच्या जटा वाढलेल्या नसून घडविलेल्या होत्या, कारण रामायणात गंगातीरी वडाचा चीक मागवून त्या बांधल्याचे वर्णन आहे. राजपुत्राचे केस लांब होतेच. तापसाचे होण्यासाठी त्यांना लांबीपेक्षा गुंता हवा होता.

हाच गुंता गृहस्थाश्रमातील स्त्रीच्या डोक्यात झाला की त्याचा अर्थ फिरतो. महाराष्ट्रात त्यास जट म्हणतात व ती देवीचे बोलावणे समजून कापू देत नाहीत. साधूची जटा त्याने घेतलेल्या निर्णयाची खूण आहे. या स्त्रीची जट तिच्यावर लादलेल्या निर्णयाची. मानेवर अनेक वर्षे ओझे वागविणाऱ्या अशा स्त्रियांचे मन वळवून जट कापण्याचे काम १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी चिकाटीने केले आहे.

आता रामकुंडावर यावे. तीर्थावर मुंडन व उपवास करावा हा सामान्य विधी आहे. कुरुक्षेत्र, विशाला, विरजा व गया ही त्यास अपवाद म्हणून सांगितली जातात. गोदावरी अपवादांत नाही, आणि सिंहस्थातील गोदास्नानाचे माहात्म्य तर साठ हजार वर्षांच्या भागीरथीस्नानाशी तोलले गेले. तेव्हा नाशकास येणारा पुरुष यात्रेकरू शेंडी ठेवून क्षौर करी. त्या शेंडीचे मापही ठरलेले होते, मात्र ते लांबीचे नसून घेराचे : गाईच्या खुराएवढी. पुरुषाच्या बाबतीत प्रश्न तेथे मिटतो. स्त्रीच्या बाबतीत तो सुरू होतो, कारण मुंडन हा विधी आणि केस हे सौभाग्यचिन्ह, अशा दोन गोष्टी एकमेकींशी भिडतात.

यातून काढलेली वाट पराशरस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. तो अध्याय गोवधाच्या प्रायश्चित्ताचा. तेथे पुरुषाला वपन सांगितल्यावर स्त्रिया व कुमारिका यांच्याविषयी असे म्हटले आहे की सर्व केस एकत्र वर उचलून धरावेत व त्यांची दोन अंगुळे कापावीत. एवढेच त्यांचे मुंडन. लगोलग स्त्रीचे केशवपन करू नये असा स्पष्ट निषेधही आहे. विज्ञानेश्वरानेही मिताक्षरेत विद्वान ब्राह्मण, राजा व स्त्रिया यांना, महापातकादी काही प्रसंग सोडून, वपनातून वगळणारे वचन उद्धृत केले आहे. प्रायश्चित्ताचा हा नियम पुढे निबंधकारांनी तीर्थविधीस लावला आणि रामकुंडासारख्या घाटांवर तोच आचार झाला.

त्रिरश्मीवरील दोन अंगुळे आणि रामकुंडावरील दोन अंगुळे ही संख्येने एक असली तरी त्यांची दिशा उलट आहे, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. भिक्षूचे माप मुळापासून वर जाते. स्त्रीचे टोकापासून खाली येते. पहिल्यात जास्तीत जास्त किती राखता येईल हे सांगितले आहे, दुसऱ्यात कमीत कमी किती द्यावे लागेल हे. पहिल्या मापाने 'लांब' या शब्दाची व्याख्या होते. दुसऱ्यात एकूण लांबी विचारलीच जात नाही. कमरेपर्यंतचे केस असोत की मानेपर्यंतचे, दोन अंगुळे दिली की मुंडन पुरे. नियम करणाऱ्याला येथे केस मोजावयाचे नसून वाचवावयाचे होते. दोनच अंगुळे का, याचे शास्त्रीय कारण कोणी दिलेले दिसत नाही, पण केसांची बट तर्जनी व मध्यमा यांत धरून कापणाऱ्या हाताकडे पाहिले म्हणजे ते शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. जाता जाता हेही नमूद करावे की पाली वाङ्मयात 'दोन अंगुळे' हे स्त्रीला हिणविण्याचेही माप आहे. थेरीगाथेत मार सोमा थेरीस म्हणतो की जे ऋषींना मिळते ते दोन अंगुळांच्या बुद्धीच्या स्त्रीला मिळावयाचे नाही. सोमेचे उत्तर प्रसिद्ध आहे : चित्त समाधीत स्थिर झाले असता स्त्रीपणाचा संबंध काय?

रामकुंडावरील या आचाराचे मोठे भावंड म्हणजे प्रयागचे वेणीदान. त्रिवेणीवर दक्षिणी सुवासिनी पतीची अनुज्ञा घेते, पती तिची वेणी घालतो आणि वेणीचे टोक दोन-तीन अंगुळे कापून संगमात सोडतात. प्रयाग, काशी व गया यांच्या विधींवर त्रिस्थलीसेतु हा ग्रंथ लिहिणारा नारायणभट्ट सोळाव्या शतकात काशीस होता. परंतु त्याचे घराणे पैठणचे, म्हणजे गोदातीरचेच. दक्षिणेतील आचार उत्तरेच्या तीर्थांवर कसे स्थिरावले याचा शोध घेताना हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

घरात मात्र अंगुळाला स्थान नव्हते. मराठी घरात स्त्रीचे केस मोजले जातात ते तिच्याच शरीराने : पाठभर, कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत, क्वचित पोटरीपर्यंत. वेणी हातभर असते, शेपटा मनगटाएवढा जाड असतो. ही माने सापेक्ष आहेत; ठेंगण्या मुलीची गुडघ्यापर्यंतची वेणी उंच मुलीच्या मांडीपाशी संपेल. पण विवाहाच्या बाजारात हेच माप चाले, आणि त्यात लबाडी होई म्हणून तपासणीही होई. गंगावन घालून लांब केलेली वेणी ओळखता यावी यासाठी मुलगी पाहावयास आलेल्या बायका तिचे केस सोडावयास लावीत. येथे लांबीला किंमत होती. म्हणूनच ती सिद्ध करावी लागे. लांबी मीटरमध्ये लिहिण्याची पद्धत फार अलीकडची आहे. २००४ साली चीनमधील एका स्त्रीचे केस ५.६२७ मीटर भरले व तो विक्रम म्हणून नोंदला गेला. विक्रमाच्या नोंदवहीला तो आकडा पुरेसा आहे. बागलाणातील किंवा निफाडातील वधूपक्षाला त्याचा उपयोग नव्हता.

ज्या स्त्रीला यांपैकी कोणतेच माप लागू पडत नसे ती विधवा. पराशराने 'स्त्रिया व कुमारिका' असे सरसकट म्हटले होते. उत्तरकालीन आचारात ती सवलत सुवासिनी व कुमारिका यांच्यापुरती उरली. विधवेचा बांधलेला केशपाश परलोकी पतीला बंधन होतो, म्हणून तिने सदैव शिरोवपन करावे, हे वचन स्कंदपुराणाच्या काशीखंडातले. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेतला असून, विधवावपनाची रूढी प्राचीन सूत्र-स्मृतींच्या भक्कम आधारावर उभी नसून उत्तरकालीन आहे असा त्यांचा निष्कर्ष आहे. दक्षिणेतील तेंगले श्रीवैष्णवांत विधवेचे केस राखले जातात, हेही त्यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे एकाच धर्मशास्त्राखाली एका प्रांतात ज्या केसांनी पती बद्ध होई, त्याच केसांनी दुसऱ्या प्रांतात तो बद्ध होत नसे.

रामकुंडाच्या पायऱ्यांवर या दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालत. एकाच घरच्या दोघी जावा यात्रेस आल्या असता एकीची दोन अंगुळे जात व दुसरीचे डोके वस्तऱ्याखाली असे. आणि दुसरीच्या बाबतीत हे एका यात्रेपुरते नव्हते. केस दिसू लागले की न्हावी पुन्हा घरी येई. भिक्षूचेही केस असेच पुनःपुन्हा काढले जात, पण त्याला दोन महिन्यांची व दोन अंगुळांची मुदत तरी होती, आणि मुख्य म्हणजे त्याने ते व्रत मागून घेतले होते. विधवेच्या केसांना कमाल मर्यादा शून्य. या रूढीचे समर्थन तिला संन्यासिनीच्या पदवीस नेऊन करण्याची रीत होती. संन्याशाची शून्य लांबी व विधवेची शून्य लांबी पट्टीवर सारखीच दिसते, एवढाच त्या समर्थनाचा आधार.

पराशरस्मृती ही कलियुगासाठीची स्मृती मानली जाते. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली व महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी, विशेषतः १८७० च्या पुण्यातील वादात, विधवाविवाहासाठी ज्या स्मृतीचा आधार घेतला ती हीच. चौथ्या अध्यायातील पुनर्विवाहाचे वचन त्यामुळे सुशिक्षितांच्या तोंडी झाले. नवव्या अध्यायातील स्त्रीवपनाचा निषेध तितका गाजला नाही. पुनर्विवाह ही मोठी क्रांती, आणि केस ही बारीक बाब, असा समज त्यास कारण झाला असावा. वस्तुतः पुनर्विवाह हा थोड्या विधवांच्या वाट्याला येणारा प्रसंग होता. वस्तरा सर्वांच्याच वाट्याला येई. लोकहितवादींना याची जाणीव होती. १८४८ पासून 'प्रभाकरा'त आलेल्या शतपत्रांत त्यांनी विधवांच्या दुःस्थितीवर कठोर टीका केली. पुढे १८७८-७९ च्या सुमारास ते नाशकास जॉइंट जज्ज होते आणि न्यायमूर्ती रानडेही त्याच वेळी नाशकास बदलून आले होते. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणींत त्या दिवसांचे चित्र आहे. मुलींच्या शाळेसाठी खटपट व स्त्रियांच्या सभा यांनी नाशिकचा सुशिक्षित वर्ग हलू लागला होता. घाटावरचा आचार मात्र त्या वर्गाच्या हाती नव्हता. तो उपाध्यायांच्या व न्हाव्यांच्या हाती होता.

त्यांपैकी एकाने हात आवरला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. सुधारणेच्या इतिहासात या सभेचा उल्लेख एक कौतुकाची गोष्ट म्हणून होतो; तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. केस किती राखावेत हे विनयाने ठरविले, स्मृतीने ठरविले, पुराणाने ठरविले. प्रत्येक ठिकाणी मोजणारा हात न्हाव्याचा होता आणि त्याला मत असू शकते असे कोणत्याही ग्रंथकाराच्या मनात आले नव्हते. त्या हाताने प्रथमच माप घेण्याचे नाकारले. सत्यशोधक विचाराने घडलेल्या माणसाने ही सभा घडवावी यात आश्चर्य नाही.

ज्यांच्या डोक्यावर हे सर्व घडत होते त्यांचे स्वतःचे म्हणणे फार उशिरा छापले गेले. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली. महर्षी कर्व्यांच्या १८९६ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी अनेक वर्षे गावोगाव वर्गणी जमविली, तीही सोवळ्या विधवेच्या वेषात. त्या वेषामुळे सनातनी घरांची दारे त्यांना उघडी राहत. पुढे विचारांती त्यांनी वपन सोडून दिले व केस राखले. निर्णय एका दिवसाचा होता, पण केस एका दिवसात येत नाहीत. वस्तरा बंद केल्यापासून पहिले काही महिने डोक्यावर जे असते ते मुंडनही नसते आणि केशपाशही नसतो. पदराखाली ते झाकले जात नाही आणि त्याची वेणी घालता येत नाही. सुमारे चौथ्या महिन्यात ते दोन अंगुळे भरते. त्रिरश्मीवरचा भिक्षू त्याच्या बऱ्याच आधी वस्तऱ्याखाली बसलेला असे.